नातेसंबंधावरचे प्रश्न

भगवानरावांच्या तोंडून ‘तीन’ निघालं आणि लगेच त्यांनी ते ‘दोन’ केलं. झालं ते एवढंच. एप्रिलातली दुपार होती. हॉलमध्ये कूलर घरघरत होता, त्याच्या पुढ्यात सतरंजीवर अनघा मांडी घालून बसली होती, आणि खुर्चीत तिचे सासरे, मांडीवर वकिलीच्या प्रवेश परीक्षेचं जाड पुस्तक घेऊन. तर्कक्षमतेच्या भागातलं बाकी सगळं तिला चांगलं जमायचं. विधान आणि निष्कर्ष, विधान आणि गृहीतक, गोल टेबलाभोवती कोण कोणाच्या डावीकडे बसलंय, सगळं. अडायचं ते नातेसंबंधात. अ हा ब च्या बहिणीच्या सासऱ्याचा मुलगा, असं सुरू झालं की तिच्या डोक्यात धुकं पसरायचं. म्हणून त्या दिवशी त्यांनी पुस्तक उलटं ठेवलं आणि म्हणाले, “तुले त्या अ-ब-क मध्ये गोंधळ होते ना, मग आपल्याच घरचे माणसं घे. मी, आई, मंजुषा, अनिकेत. समज, भगवानले तीन नातवंडं. त्यातला एक पोट्टा मंजुषाचा—” “तीन?” अनघानं मान वर केली. नणंदेचा, म्हणजे मंजुषाताईचा, पियूष आणि आपली आभा, एवढीच तर होती. “अं? दोन. दोन. चुकलं,” ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “आज इतकंच राहू दे. ऊन लय आहे.”

चुकीचं तिला काही वाटलं नाही. मास्तरकी करून निवृत्त झालेला माणूस, सत्तरीला टेकलेला, तोंडातून एखादा आकडा इकडचा तिकडे व्हायचाच. एरवी चुकले की ते हसायचे. “मास्तर म्हातारा झाला, त्याचा एक मार्क कापा,” असं म्हणून स्वतःचीच टर उडवायचे. आज हसले नाहीत. आणि ऊन काय आजच होतं? महिनाभर यवतमाळ भाजून निघत होतं, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, तरी दुपारचा अभ्यास त्यांनी एकदाही लवकर आटोपला नव्हता. ते उठून आपल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. अनघा तशीच बसून राहिली. कूलरचे ओले थेंब तिच्या दंडावर उडत होते आणि तिला उगीचच शहारल्यासारखं झालं. तिनं मनाला दटावलं. आपल्याला सवयच लागली आहे, तिला वाटलं, प्रत्येक वाक्यात काहीतरी दडलेलं शोधायची. परीक्षा जवळ आली की डोकं असंच चालतं.

पण याच दुपारी तिला इतक्या प्रिय होत्या की त्यांच्यात कुठे चरा पडला तर तो दिसल्याशिवाय राहत नव्हता. लग्न होऊन ती आधी पुण्याला गेली होती. अनिकेतची कंपनी, दोन खोल्यांचा फ्लॅट, मग आभा झाली. आभा शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा अनिकेतनंच काढलं होतं, की इथं फीला अंत नाही, आईचे गुडघे गेलेत, तुम्ही दोघी यवतमाळला राहा, मी येत जाईन. महिन्याला यायचा. मग पोळा आणि दिवाळी एवढंच. फोनवर आभाशी बोलायचा, अनघाला विचारायचा, “सगळं ठीक?” आणि ती म्हणायची, ठीक. खरंच ठीक होतं. नळ कधी येतो याच्यावर दिवस ठरायचे, आल्या दिवशी ड्रम, बादल्या, पातेली भरून ठेवायची, सासूच्या गुडघ्यांना तेल चोळायचं, आभाची वेणी, डबा, गृहपाठ. आपलं डोकं नावाचं काही होतं हे ती विसरूनच गेली होती. कळंबहून कॉलेजला येणारी, गणितात कायम वर असणारी पंजाबरावांची लेक अनघा कुठल्या तरी पोत्याखाली दबून गेली होती. आणि गेल्या दिवाळीत, अनिकेत परत जायच्या आदल्या दिवशी, सगळे जेवायला बसले असताना भगवानराव म्हणाले, “अनघानं वकिलीची परीक्षा द्यावी असं मले वाटते. पदवी आहे, डोकं आहे, वयाची काही अट नाही. मी शिकवतो तिले.” अनिकेतनं पानावरून मान वर न करता म्हटलं, “चांगलंच आहे.” कौसल्याबाईंनी, म्हणजे सासूनं, अनघाच्या पानात न विचारता आणखी एक पोळी वाढली होती. तिला त्या पोळीचं किती अप्रूप वाटलं होतं!

यवतमाळच्या वाघापूर भागातल्या त्या गल्लीत मग तोच विषय झाला. सुनेला शिकवणारा सासरा. शेजारच्या बाया दुपारी खिडकीतून डोकावून बघायच्या. कळंबला तिच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, चिंतामणी गणपतीला जाऊन पेढे ठेवले आणि फोनवर त्यांना बोलताच येईना. “बेटा, असा सासरा कुठं शोधला तरी भेटत नाही,” एवढंच म्हणून त्यांनी फोन तिच्या आईकडे दिला. भगवानराव तिच्यासाठी नागपूरहून पुस्तकं घेऊन आले, वेळ लावून तिच्याकडून प्रश्नसंच सोडवून घेऊ लागले. प्रश्न वाचताना त्यांची भाषा बदलायची, पुस्तकी, स्वच्छ व्हायची. “दिलेली विधाने व्यवहारातील सत्याशी विसंगत वाटली, तरी ती सत्य मानावीत आणि मगच निष्कर्ष काढावा.” ही सूचना तिला इतकी आवडायची की ती कधीकधी कणीक मळताना स्वतःशी म्हणायची. एक जग असं होतं जिथं एका गोष्टीतून दुसरी निघत होती, कारणाशिवाय काही घडत नव्हतं, आणि उत्तर आलं की ते बरोबर आहे की नाही हे सांगणारं कोणीतरी समोर बसलेलं होतं. उत्तर बरोबर आलं की सासरे नुसतं “हं” म्हणायचे. त्या ‘हं’साठी ती सकाळपासून कामं उरकायची. लग्नानंतर इतकं कोणी तिच्याकडे लक्ष देऊन पाहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती आणि कौसल्याबाई डब्यांची झाडझूड करत होत्या. एका बरणीच्या तळाशी अळीव निघाले. “हे किडले का पाह्य,” म्हणून त्यांनी बरणी अनघापुढे सरकवली. लालसर बारीक दाणे. अनघानं ते तळहातावर घेतले आणि तिचा हात तिथंच थांबला. गेल्या वर्षी, संक्रांत होऊन गेल्यावर, सासू-सासरे पुण्याला गेले होते. भगवानरावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. अनिकेतच्या कंपनीचा विमा आहे, तिथंच करू, असं ठरलं. अनघा म्हणाली होती, मीही येते, तर अनिकेतच म्हणाला, आभाची शाळा बुडेल. डोळ्याचं ऑपरेशन एका दिवसाचं, पण ते दोघं उन्हाळा लागेपर्यंत तिकडेच राहिले. आणि जाताना नेण्यासाठी लाडू अनघानंच केले होते. डिंक तुपात फुलवला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, मेथी दळून आणली. कौसल्याबाई म्हणाल्या, “अळीवही घाल.” “अळीव कायले, आई? ते तर बाळंतिणीले देतात.” “कंबरेले चांगले असतात. अनिकेतची कंबर धरते.” आणि तिनं अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले होते, गूळ घालून शिजवले होते, मोठा डबा गच्च भरून दिला होता. वरून कागद बांधला, कागदावर दोरा. नवऱ्याच्या कंबरेसाठी म्हणून थोडं तूप जास्तच घातलं होतं.

“किडले नाहीत,” ती म्हणाली आणि अळीव बरणीत परत टाकले. आत कुठेतरी तिला समजलं होतं, आणि बाहेर अजून समजायचं होतं. शक्यता आणि निश्चिती यांतला फरक तिला सासऱ्यांनीच पाठ करून घेतला होता. ऑपरेशननंतर त्रास झाला असेल. लाडू खरंच कंबरेसाठी असतील. म्हातारा माणूस खरंच चुकला असेल. एकेक पर्याय ती उचलून बघत होती, आणि प्रत्येक पर्याय एकटा घेतला तर खरा वाटत होता. सगळे शेजारी शेजारी ठेवले की मात्र त्यांच्यातून ते ‘तीन’ वर यायचं. तिनं भाजी फोडणीला टाकली. आभा शेजारच्या खोलीत मोठ्यानं कविता पाठ करत होती.

दुसऱ्या दिवशी कुरड्या करायच्या होत्या. त्यासाठी दारव्ह्याहून नणंद आली होती. मंजुषाताई अनिकेतपेक्षा मोठी, बोलायला मोकळी, मनात फार काही न ठेवणारी. सकाळीच गच्चीवर जुनी लुगडी अंथरली, गव्हाचा चीक शिजवून पातेलं वर आणलं. कौसल्याबाईंना जिना चढवत नसे, त्या खालीच राहिल्या. अनघा सोऱ्यात चीक भरून दाबत होती, मंजुषा घातलेल्या कुरड्यांची टोकं सारखी करत होती आणि दारव्ह्याच्या बसमधल्या गर्दीबद्दल सांगत होती. अनघाला ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. ‘काही आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणून येईल. काही माहीत नसलेल्या माणसाला असंच उडवून लावता येतं. गृहीतकाचे प्रश्न शिकवताना सासऱ्यांनी सांगितलं होतं, की प्रश्न विचारणारा काहीतरी आधीच धरून चालतो, आणि उत्तर देणारानं ते नाकारलं नाही तर ते मान्य झालं म्हणून समजायचं. तिनं सोऱ्याचा दांडा फिरवला. चीकाची पांढरी वेटोळी लुगड्यावर पडत गेली. नजर त्यांच्यावरच ठेवून, आवाज अगदी रोजचा ठेवून तिनं विचारलं, “ताई, पोरगा झाला का पोरगी?”

“पोरगा,” मंजुषा म्हणाली.

म्हणाली, आणि तिचा हात हवेतच राहिला. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. अनघानं हातातलं वेटोळं पुरं केलं. अर्धवट कुरडी सोडायची नाही, ती मोडते.

“तुले कोणं सांगितलं? बाबांनी?”

“हो,” अनघा म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

मग मंजुषा रडायला लागली. अनघा रडते का याची वाट न पाहता ती रडली, आणि रडता रडता तिनं सगळं सांगून टाकलं. त्याच्याच ऑफिसमधली बाई. आधीच्या नवऱ्यापासून सुटलेली. आई-बाबांना मुळीच मान्य नव्हतं, बाबा तर वर्षभर अनिकेतशी कामापुरतंच बोलत होते. “पण लेकरू होणार म्हटल्यावर काय करतीन ते? आई म्हणे, त्या लेकराचा काय गुन्हा. मग गेले दोघं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “तुले सांगायचंच होतं, अनघा. आईची शपथ. बाबाच म्हणे, आधी तिची परीक्षा होऊ द्या. नागपूरले ॲडमिशन भेटली का तिथं होस्टेलवर राहीन, आभाले पाहू काय करायचं ते. शिकली, चार लोकांत मिसळली, का मग सांगू. बाई आपल्या पायावर उभी राह्यली का तिले इतकं लागत नाही.”

इतकं लागत नाही. अनघानं पातेल्यातला चीक पळीनं ढवळला, वर साय धरायला लागली होती. म्हणजे किती लागतं याचा घरात विचार झाला होता. बसून, चहा पीत, बेरीज-वजाबाकी करून. ती आत भांडी घासत असताना, किंवा आभाला शाळेतून आणायला गेली असताना. ती गेल्यावर कोणती खोली रिकामी होईल, पुण्याची माणसं सणाला कुठं उतरतील, हेही निघालं असेल. आणि ती जी पोळी न विचारता पानात पडली होती, ती पोळी, तो ‘हं’, नागपूरहून आणलेली पुस्तकं, कळंबचे पेढे! ज्या गोष्टींनी तिला पुन्हा माणसात आणलं होतं, त्या सगळ्या तिला दाराबाहेर नेऊन ठेवण्यासाठी होत्या. त्रास नुसता अनिकेतचा असता तर तिनं तो सोसला असता. त्याचं येणं कमी होत गेलं तेव्हाच तिनं त्याला मनातल्या मनात थोडा थोडा सोडून दिला होता. पण या दुपारी तिच्या होत्या. त्या कोणी तिच्याकडून काढून घेईल असं तिला वाटलंच नव्हतं. “तू काही बोल ना,” मंजुषा म्हणत होती. “चीक थंडा होऊन राह्यला, ताई,” अनघा म्हणाली. “हात चालवा.”

दुपारी ती रोजच्या वेळेला सतरंजीवर येऊन बसली. भगवानराव खुर्चीत होते. मंजुषानं खाली येऊन सांगितलं असणार, कारण पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं पण उघडलेलं नव्हतं, आणि आतल्या खोलीत दोघी मायलेकी श्वास रोखून बसल्यासारख्या गप्प होत्या.

“तुमी पाह्यलं त्याले?” अनघानं विचारलं.

“पाह्यलं.”

“कसा आहे?”

“अनिकेतसारखा,” ते कूलरच्या जाळीकडे बघत म्हणाले. मग घाईनं, “नातू आहे, अनघा. मी काय करू? त्याले टाकून देऊ?”

“मी कुठं म्हटलं टाकून द्या?”

“तुले पोरीसारखं मानलं मी. म्हणून तर शिकवून राह्यलो. दुसरा सासरा असता तर—”

“घरातून काढायचं होतं म्हणून शिकवून राह्यले, बाबा.”

ते ‘नाही’ म्हणतील असं तिला वाटलं. तिला ते हवंही होतं. खोटं का होईना, एकदा ठणकावून ‘नाही’ म्हटलं असतं तर ती त्याला धरून बसली असती. पण तो माणूस गणिताचा मास्तर होता. त्यांनी चष्मा काढला. “दोन्ही,” ते म्हणाले. “दोन्ही खरं आहे. पहिलं खरं होतं म्हणून दुसरं सुचलं का दुसऱ्यासाठी पहिलं केलं, हे आता माह्यं मलेच सांगता येत नाही.”

आतून भांडं सरकल्याचा आवाज आला. अनघाला अचानक फार तहान लागली, पण उठून आत जायचं म्हणजे त्या दोघींच्या पुढून जायचं. ती बसून राहिली. रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ओरडली असती, बॅग भरून कळंबला निघाली असती, तर आणखीच सोपं. त्यांच्या चेहऱ्यावर तिला ते वाट पाहणं दिसत होतं. “पुढचा प्रश्न वाचा,” ती म्हणाली.

“आज कायले—”

“परीक्षा जवळ आली, बाबा. वाचा.”

त्यांनी पुस्तक उघडलं. वाचताना पहिल्यांदाच त्यांची ती स्वच्छ पुस्तकी भाषा अडखळत होती. त्यांनी वाक्य अर्ध्यात सोडलं की ती म्हणायची, पूर्ण वाचा. नातेसंबंधावरचे सगळे प्रश्न तिनं त्या दुपारी सोडवले, एकामागून एक, आणि एकही चुकला नाही. प्रत्येक उत्तरानंतर ती थांबायची. ‘हं’ आल्याशिवाय पुढे जायची नाही. ते म्हणायचे, “हं.”

परीक्षा होईपर्यंत हे असंच चाललं. तिनं एक दिवस सोडला नाही, त्यांनाही सोडू दिला नाही. परीक्षेच्या दिवशी तेच तिला स्कूटरवर केंद्रावर घेऊन गेले. संगणकासमोर बसल्यावर तिला वाटलं, सगळं चुकीचं उत्तर द्यावं. नापास व्हावं. मग कशी पाठवतील नागपूरला! पहिल्या प्रश्नावर बाण नेऊन तिनं मुद्दाम भलत्याच पर्यायावर ठेवला. पण बरोबर उत्तर दिसत होतं. ते दिसत असताना दुसऱ्यावर बोट दाबायचं हे तिच्या हातून होईना. तिचं डोकं इतकं लख्ख चाललं होतं की तिला त्याचीच चीड आली. हे डोकं त्या माणसानं घासूनपुसून तिच्या हातात दिलं होतं, आणि ते टाकून देण्याइतकी श्रीमंत ती नव्हती.

निकाल लागला. अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल. कळंबहून पंजाबराव पेढे घेऊन आले, नवा सदरा घालून. त्यांना तिनं काहीच सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी भगवानरावांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि कपाळाला लावले. “तुमचे उपकार कसे फेडू, व्याही? पोरीचा बाप मी, पण बापाचं काम तुमी केलं.” भगवानरावांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, पंजाबराव सोडेनात. अनघा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहून ते बघत होती. वडिलांना सांगायचं होतं, आज ना उद्या. पण ते आनंदानं इतके फुलून आले होते की आज सांगितलं असतं तर ते इथंच सतरंजीवर खाली बसले असते. आणि तिला हेही दिसलं, की ती जितकं गप्प राहते तितकं समोरच्या खुर्चीतल्या माणसाचं तोंड लहान होत जातं.

“मग आता नागपूर ना?” पंजाबरावांनी विचारलं.

“हो, नागपूरचं कॉलेज चांगलं—” कौसल्याबाई बोलू लागल्या.

“यवतमाळ,” अनघा म्हणाली. “इथलंच कॉलेज भरलं मी. दुसरं कोणतंच नाही टाकलं.” आणि सासूकडे वळून, अगदी मऊ आवाजात, “तुमचे गुडघे असे, आभाची शाळा. हे घर सोडून मी कुठं जाऊ, आई?”

पंजाबरावांचे डोळे भरून आले. “पाह्यलं का विहीणबाई,” ते म्हणाले, “लेकीले माणसांची किती माया!” कौसल्याबाईंनी तोंडाकडे नेलेला पेढा परत ताटलीत ठेवला.

वडील गेल्यावर भगवानराव तिच्याजवळ आले. “इथं राहून तुले काय भेटन, अनघा?” त्यांनी विचारलं. “आमाले शिक्षा देऊन राह्यली, ते ठीक आहे. पण तुह्यं काय?” तिला उत्तर माहीत होतं. नागपूरला मोठं ग्रंथालय होतं, नव्या मैत्रिणी झाल्या असत्या, तिला या माणसांची तोंडं दिसली नसती. काही वर्षांनी खरंच इतकं लागलं नसतं. आणि नेमकं तेच तिला नको होतं. “काही नाही,” ती म्हणाली.

कॉलेज सुरू झालं तेव्हा पाऊस लांबला होता आणि हवेत नुसता उकाडा होता. पहिल्या दिवशी ती पायीच परत आली. बेल वाजवली तर दार उघडायला सासरेच आले. एक हात कडीवर ठेवून ते उंबऱ्यात उभे राहिले, आणि विचारावं की नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, “काय शिकवलं आज?”

“शिकवलं नाही. नुसती ओळख झाली. या वयात वकिलीले कोणं पाठवलं असं सरांनी विचारलं. मी उठून तुमचं नाव सांगितलं.”

त्यांचा थकलेला चेहरा हळूहळू उजळला. अगदी खरा, भोळा आनंद होता तो, लपवता न येणारा.

“मग?” ते म्हणाले.

“मग काय. असे सासरे सगळ्यांले भेटो म्हणे सर,” ती म्हणाली. “टाळ्या वाजवल्या, बाबा. सगळ्या वर्गानं.”

त्यांचा हात कडीवरच राहिला. ती आत यायची वाट पाहत उंबऱ्याबाहेर उभी होती, आणि त्यांना बाजूला व्हायचं सुचत नव्हतं.